एक वर, तर सगळे वर

"पाठ टेकू नकोस. शाल घसरते," आठल्ये सर ओठ न हलवता म्हणाले.

मी पुढे सरकून बसले. व्यासपीठावरचा सोफा तातू मोंडकरांच्या घरातून टेम्पोत घालून आणला होता आणि तो इतका मऊ होता की बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. माझ्या मांडीवर नारळ, नारळावर गुच्छ, आणि गुच्छावर काचेच्या पेटीत बसवलेला एक शंख. समोर शाळेच्या मैदानावर आमचं अख्खं खारवली गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत माझे बाबा, पांढऱ्या शर्टाचं वरचं बटण आयुष्यात पहिल्यांदाच लावून बसलेले. त्यांच्या शेजारी सरांच्या पत्नी, मृणालवहिनी, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

आणि माइकसमोर तातू, आमच्या गावच्या सत्कार समितीचे तहहयात अध्यक्ष.

"कुणी म्हणालं भित्री. कुणी म्हणालं पळपुटी," तातूंचा आवाज कर्ण्यातून थेट बंदरापर्यंत जात होता. "पण आमच्या वैजयंतीने ते सगळं मुकाट गिळलं. का? तर आपल्या वरिष्ठांच्या छातीत दुखतंय हे तिने ओळखलं होतं. ते स्वतः बोलणार नाहीत हेही ओळखलं होतं. म्हणून तिने आपल्या नावाला बट्टा लावून घेतला आणि त्यांचा प्राण वाचवला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. कारण तातू बोलत होते त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. मी भित्रीही होते आणि पळपुटीही. सरांच्या छातीचं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

आता आमच्या त्या समुद्रात चांगली वसाहत आहे, तिथे लग्नं लागतात, बारशी होतात. आजच्या पोरांना जुन्या गोष्टी सांगितल्या की ती हसतात. पण तेव्हा तळाशी फक्त एक डबा होता. कागदोपत्री त्याचं नाव 'सागरनिवास', पण आम्ही त्याला डबाच म्हणायचो. पोलादी, लांबट, आणि आत आम्ही सहा जण. तो डबा चालवणाऱ्या संस्थेचं म्हणणं सरळ होतं. चंद्रावर माणसं वसवायची तर आधी अशा जागी वसवून बघा, जिथे कंटाळा आला म्हणून दार उघडून बाहेर जाता येत नाही. चंद्र लांब होता, समुद्राचा तळ जवळ होता. एक पावसाळा संपल्यापासून दुसरा तोंडावर येईपर्यंत जे डब्यात टिकतील, त्यांच्यातून मोठ्या सागरी वसाहतीची माणसं निवडायची आणि त्या वसाहतीतून चंद्रावरची.

माझी निवड झाली ती पाण्यामुळे. मासेमार गाबिताची मुलगी, बाबांबरोबर लहानपणापासून कालवांसाठी बुड्या मारलेली, वर इंजिनिअरिंगची पदवी. आमच्या गावाला तर आभाळ ठेंगणं झालं. बाजारात तुरी म्हणतात ना, तसं मी डब्यात पाऊल टाकायच्या आधीच तातूंनी सत्काराची शाल आणून कपाटात ठेवली होती.

डब्यातून वर यायला एकच साधन होतं, त्याला आम्ही पाळणा म्हणायचो. वर समुद्रावर उभ्या असलेल्या जहाजावरून सोडलेली एक बंद पोलादी खोली. तळाच्या दाबाला सरावलेलं अंग एकदम वर आणलं तर रक्त सोड्याच्या बाटलीसारखं फसफसतं, म्हणून पाळण्यात दार लावून दिवसभराहून जास्त बसावं लागे. पाळणा एकासाठी गेला की उरलेल्यांना संकटात पळायला वाट राहत नसे. त्यामुळे नियम एकच, एक वर, तर सगळे वर. पाळणा बोलवायचा लाल दांडा जेवायच्या खोलीत होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ज्याने तो ओढला त्याने स्वतःचं नाव कापलंच, वर बाकी पाच जणांच्या कष्टांवरही पाणी ओतलं.

भीती माझ्यात नेमकी कधी शिरली ते सांगता येत नाही. लहानपणी पाण्याखाली दम संपला की एकच गोष्ट करायची असे, वर यायचं. दोन पाय मारले की वर हवा असायचीच. डब्यात एके दिवशी कांदा चिरताना माझ्या लक्षात आलं की इथे वर मरण आहे. डोक्याला ते आधीपासून ठाऊक होतं, अंगाला त्या दिवशी कळलं. कांद्याचं निमित्त होतं म्हणून डोळे पुसता आले. त्यानंतर मी छताकडे बघायचं सोडून दिलं. झोप उडाली, घास उतरेना. रोज सकाळी सर एकेकाला विचारायचे, "कसं काय?" आणि बाकीच्यांच्या जोडीने मीही म्हणायचे, "ठीक."

सर आमचे प्रमुख, नौदलातून निवृत्त झालेले. आवाज कधी चढायचा नाही आणि शर्टाची इस्त्री समुद्राच्या तळाशीही मोडायची नाही. आमची नाडी, रक्तदाब तेच तपासायचे आणि वर जहाजाला कळवायचे. स्वतःचंही तेच तपासायचे आणि तेच कळवायचे.

शेवटी एका दुपारी, सगळे आडवे झालेले बघून, मी दांड्याशी गेले. हात पुढे केला आणि मागे पावलं वाजली. सर होते. मी चटकन ओट्यावरचं फडकं उचललं आणि दांडा पुसायला लागले.

"गंज धरतोय," मी म्हणाले.

"हो, धरतोय खरा." ते टेबलाशी थांबले, मग ओट्याकडे गेले आणि धुतलेली पातेली पुन्हा घासायला लागले. "बरं चाललंय ना, कुबल?"

"मस्त, सर. तुमचं?"

"उत्तम."

बराच वेळ मी गंज नसलेला दांडा पुसत होते आणि ते स्वच्छ पातेली घासत होते. शेवटी मीच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणं चालली होती. आमटी वाढून घेता घेता मी डाव खाली ठेवला, उठले आणि पाचही जणांदेखत दांडा ओढला. धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. भीती लाजेच्याही वर चढली होती, इतकंच.

"चुकून ओढलास का?" इरफानने विचारलं. इरफान मुकादम आमचा यंत्रज्ञ, रत्नागिरीचा, बायकोचं पहिलं बाळंतपण सोडून खाली आलेला. त्याने ते जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारलं. चुकून म्हणाले असते तर वर तसं कळवता आलं असतं.

"नाही. मला भीती वाटते."

"कशाची?"

"कशाची म्हणून नाही. मला वर जायचंय."

प्रमुखाने आधी समजूत घालून बघायची असते. मी सरांकडे बघितलं. त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं आणि ते फक्त म्हणाले, "आवराआवर करा." त्या दोन शब्दांत मला तिरस्कार ऐकू आला.

पाळण्यात आम्ही गुडघ्याला गुडघे लावून बसलो. कुणी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. पण पाचही जण भल्या घरचे. इरफानने थर्मासमधला चहा आधी मला दिला. "घे, बरं वाटेल," म्हणाला. दुसऱ्या कुणी पाय लांब करायला जागा करून दिली. सुतक असलेल्या घरात बोलावं तसं सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. सर कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते. माझं तोंड बघायची त्यांची इच्छा नसणार, असं मी धरून चालले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि त्या जागी ती घेऊन जायला दुसरी खोलीसुद्धा नव्हती.

जहाजावर दार उघडलं. डॉक्टरांनी सरांच्या छातीला नळी लावली ती काढलीच नाही. हेलिकॉप्टर मागवावं लागलं. खाली असतानाच त्यांच्या हृदयाला एक झटका येऊन गेला होता. असेच आणखी थोडे दिवस गेले असते तर त्यांचं प्रेतच वर आणावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

इरफान माझ्याकडे बघत राहिला. "तुला दिसलं होतं," तो हळूच म्हणाला. "म्हणून ओढलास. आणि आम्ही तुला मनातून काय काय म्हणत होतो."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून उचलून कुणीतरी मला मखरात बसवत होतं. मी मान खाली घातली. तोच होकार ठरला. आमची होडी धक्क्याला लागायच्या आधी गोष्ट गावात जाऊन पोचली होती.

घरी गेल्यावर मी बाबांना सांगून बघितलं. "बाबा, माका कायच ठाऊक नव्हतां. मी भियालंय, म्हणान वर इलंय."

बाबा जाळं शिवत होते. त्यांनी वरही बघितलं नाही. "गप रव," ते कौतुकाने म्हणाले. "आपलो मोठेपणा आपण सांगूचो नसता, ह्या तुका शिकवचा लागला नाय."

सर हिंडूफिरू लागले तसा तातूंनी दिवस ठरवला. वाचवणारी आणि वाचलेला, दोघं एकाच सोफ्यावर हवेत असा त्यांचा हट्ट होता.

तातूंनंतर शाळेचे मुख्याध्यापक उभे राहिले आणि त्यांनी पुराणापासून सुरुवात केली. सरांच्या कपाळावर घाम आला होता. व्यासपीठावर दिवे होतेच तसे प्रखर.

"तुझे आभार मानायचे राहिलेत," ते समोर बघत म्हणाले.

"सर, मला ठाऊक नव्हतं."

"काय?"

"तुमचं दुखणं. मला काही दिसलं नव्हतं. मी घाबरले होते म्हणून ओढला."

मुख्याध्यापक त्यागाची महती सांगत होते.

"नक्की?"

"देवाशप्पथ."

"आणि मी इतके दिवस झोपलो नाही," ते म्हणाले. "मला वाटत होतं, तू मला बघितलंस आणि माझी लाज राखायला स्वतःची घालवलीस. इथे तुझ्या शेजारी बसायचीसुद्धा मला चोरी झाली होती."

"कधी बघितलं असं वाटलं तुम्हाला?"

"त्या दुपारी. मी काय पातेली घासायला आलो होतो?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. "तुम्ही दांडा ओढायला आला होतात."

"सकाळपासून डावा हात भरून येत होता. आलो, तर तू तिथे पुसत बसलेली. सहा जणांचा प्रमुख मी. धाकट्या मुलीदेखत कसा ओढणार? म्हटलं, ही जाऊ दे. तू गेलीस तेव्हा बाकीचे उठून चहाला आले. झटका त्यानंतर आला. मी संडासात जाऊन बसलो आणि आवाज होऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला."

"मी पुसत नव्हते, सर."

आता मात्र त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांची शाल घसरून सोफ्याच्या मागे पडली आणि ती उचलायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. दोन धडधाकट शिकलेली माणसं एकाच दांड्यासाठी आलेली, आणि एकमेकांना बघून एक गंज पुसतोय, दुसरा भांडी घासतोय. मला हसू यायला हवं होतं. माझे कान मात्र लाजेने तापले होते, कारण त्या दुपारी मी हात मागे घेतला नसता तर ते एक दिवस आधी डॉक्टरांच्या हाती लागले असते.

तेवढ्यात संस्थेचे संचालक माइकवर आले. त्यांनी खिशातून एक कागद काढला. मोठ्या वसाहतीची पहिली तुकडी ठरली होती, आणि त्यागाची अशी वृत्ती असलेलं माणूस तिच्यात अग्रभागी हवं, म्हणून पहिलं नाव वैजयंती कुबल. मैदानात शिट्ट्या वाजल्या. बाबा उठून उभे राहिले आणि कुणीतरी ओढून खाली बसवेपर्यंत तसेच उभे होते.

"घे ती जागा," सर म्हणाले. "गप्प राहा आणि घे. बाकी कुणाला कळणार नाही."

त्या जागेसाठी मी काय काय सोडलं होतं ते मलाच ठाऊक. आणि खरं सांगायचं तर भीती वर आल्याबरोबर गेली होती. मला पुन्हा खाली जायचं होतं, फार जायचं होतं. गप्प बसले असते तर गेलेही असते. पण गप्प बसून आम्ही दोघांनी खाली काय करून ठेवलं होतं, ते मी आत्ताच ऐकलं होतं.

सत्काराला उत्तर द्यायला माझं नाव पुकारलं. मी नारळ, गुच्छ, शंख सगळं खाली ठेवलं आणि माइकशी गेले.

"मला सरांच्या आजाराचं काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मी भ्याले होते. भिऊन वर आले. या सत्काराला मी पात्र नाही."

टाळ्या पडल्या. आधीच्या सगळ्या टाळ्यांहून मोठ्या. माझी चूक मला तेव्हा कळली. सत्कारमूर्तीने 'मी पात्र नाही' असं म्हणायचंच असतं. आमदार तेच म्हणतात, कीर्तनकारही तेच म्हणतात. आमच्याकडे ती रीतच आहे.

"हा विनय बघा," तातू दुसऱ्या माइकवरून गहिवरून म्हणाले. "हे संस्कार बघा."

"नाही, खरंच सांगते," मी म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या. बाबा बाहीने डोळे पुसत होते. खरं बोलायची लाज सोडली, तर आता खरं कुणी घेईना. मला रडू यायला लागलं, आणि तेही लोकांना फार आवडलं.

सर सोफ्यातून उठले. त्या सोफ्यातून उठणं कुणालाच सोपं नव्हतं, त्यांना तर दोन प्रयत्न करावे लागले.

"सर, तुमचं भाषण कार्यक्रमात नाही," तातू हळूच म्हणाले.

"दोन मिनिटं." त्यांनी माइकचा दांडा धरला. "ही मुलगी विनय करत नाहीये. ती घाबरली होती, एवढंच खरं आहे. मीही घाबरलो होतो. आदल्या दुपारी छातीत कळ घेऊन मी वर यायला निघालो, आणि ही तिथे दिसली म्हणून भांडी घासत बसलो. मरणाची भीती होती, पण हिच्यादेखत हार मानायची लाज त्याहून मोठी होती. रोज सकाळी मी पाच जणांना विचारत होतो, कसं काय. पाचही जण ठीक म्हणत होते, आणि मी वर कळवत होतो, सहाही ठीक. उद्या तुम्ही चंद्रावर घरं बांधाल. हवा न्याल, पाणी न्याल. पण माणसं आमच्यासारखीच न्याल, तर ती ठीक आहे म्हणत म्हणत मरतील. सत्कार करायचाच असेल तर हिच्या भीतीचा करा. मी तिच्यामुळे वाचलो."

टाळ्या वाजल्या नाहीत. माणसं खुर्च्यांत चुळबुळली. मुख्याध्यापक व्यासपीठावरच्या माळेकडे बघू लागले. संचालकांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला, आणि पुढे त्या कागदावर माझं नाव राहिलं नाही. बाबांनी मान खाली घातली होती. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, आणि ते दिसू नये असंच मला वाटत होतं.

तातू कार्यक्रमपत्रिका चाळत आभारांचं पान शोधत होते. तेवढ्यात मृणालवहिनी पहिल्या रांगेतून उठल्या.

"आत्ता कसं वाटतंय तुम्हाला?" त्यांनी खालूनच विचारलं. माइक नव्हता, तरी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"ठीक," सर म्हणाले.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. सरांनी एकदा मैदानभर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो दिव्यांचा घाम नव्हता, हे मला तेव्हा कुठे कळलं.

"नाही," ते म्हणाले. "दुखतंय. आत्ता दुखतंय."

ते वाचले, पुढे बरीच वर्षं जगलेही, पण त्या क्षणी ते कुणाला ठाऊक होतं. माणसं जागच्या जागी खिळली होती. सगळ्यांच्या आधी व्यासपीठावर चढले ते माझे बाबा. त्यांनी सरांना काखेखाली हात घालून धरलं, हळूच पायरीवर बसवलं आणि त्यांच्या शर्टाची बटणं सोडवली. वहिनी पर्समधली गोळी काढत धावत आल्या. तातूंचा मुलगा गाडी आणायला पळाला.

"सायबानु, कधीपासना दुखता?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या भाषणापासून," सर म्हणाले.